नवख्याची चकती

२ एप्रिल

पतपेढीने ह्या वर्षी डबा द्यायचा सोडून डायरी दिली. डब्यात निदान पोहे राहिले असते. इतके दिवस कपाटावर पडून होती. आज काढली, कारण तोंडाने बोलले की घरात भांडण होतं, आणि भांडण झालं की रितेश जेवत नाही. चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर वाईट आहे. कोणी वाचायचं नाही, तेव्हा चालेल.

रितेश माझा मुलगा. शिमग्याला आला तो गेलाच नाही. घाटावर कुठल्याशा रिसॉर्टात कामाला होता, ते बंद पडलं. तिथे एक खेळ शिकला, तेवढा घेऊन आला. बाकीच्यांची पोरं पगार घेऊन येतात.

आमच्या घरामागे वर कातळ आहे. तिथे गवताशिवाय काही होत नाही. त्यात ह्याने लोखंडी खांब पुरायला काढलेत. खांबाला वर साखळ्यांचा झुबका, खाली जाळीची टोपली. लांबून प्लास्टिकची चकती फेकायची. साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं, मग पुढचा खांब. कमी फेकींत जो पुरा करील तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात. पर्यटक येतील म्हणतो.

शेजारी माझी मोठी जाऊ, सोनूबाई. संध्याकाळी मधल्या दगडी गडग्यावर हात ठेवून उभी. "काय गो नम्रता, रितेशने कातळावर शिंकाळी कसली टांगलीत? मांजरापासून दूध राखायचं हाय काय?"

मी म्हटलं, "तुमच्या तोंडापासून राखायचंय."

नम्रता हे नाव सासरी ठेवलं. ठेवणाऱ्यांनी मला आधी बघितलं नव्हतं.

५ एप्रिल

ह्यांचा फोन. हे मुंबईत एका गोडाऊनवर असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. बाकी वर्षभर फोनमधून संसार करतात.

"रितेशसाठी साहेबाकडे शब्द टाकलाय. एक जूनला हजर व्हायला सांग."

"तो इथे काहीतरी करतोय."

"काय करतोय? ताटल्या फेकतोय."

सकाळीच मी रितेशला हेच म्हणाले होते, ह्याच शब्दांत. पण ह्यांच्या तोंडून ऐकल्यावर डोकं फिरलं. म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं गोडाऊनवर काय फेकता ते तरी सांगा. फोन ठेवला त्यांनी.

जेवताना रितेशने दुसरी गोष्ट सांगितली. राजाभाऊंना तो भेटून आला. राजाभाऊ म्हणजे आमराईवाले, खाली समुद्राकडे त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. त्यांचं म्हणणं, मेच्या पहिल्या रविवारी पुण्याच्या एका ऑफिसची माणसं येणार आहेत, त्यांना खेळवून दाखव. रंगली तर दर आठवड्याला माणसं वर पाठवीन, तू इथेच राहून सांभाळ. नाही रंगली तर विषय बंद.

"म्हणजे तो रविवार चांगला गेला तर मी राहतो," रितेश म्हणाला. "नाहीतर बाबांचं गोडाऊन."

मी म्हटलं, भात वाढू का.

तो राहिला काय, गेला काय, मला फरक पडत नाही. एक माणूस जास्त, एवढंच. दोन भाकऱ्या जास्त.

९ एप्रिल

आज मला कातळावर नेलं. म्हणाला, आई, काम आहे. वाटलं खांब धरायचा असेल. तर चकत्या फेकायच्या.

चकत्यांच्या तीन जाती. जाड कडेची जवळून टोपलीत टाकायला. पातळ धारेची लांब जाते, पण ती सरावाच्या माणसाची, नवख्याने फेकली तर वाटेल तिकडे जाते. आणि तिसरी मधली. फार लांब नाही, फार जवळ नाही, आणि सरळ जाते. नवख्याच्या हातात पहिली द्यायची ती मधली, असं रितेश म्हणतो. ती फेकून माणूस खूश झाला पाहिजे, नाहीतर तो दुसरी फेकतच नाही.

मधलीतही प्रकार निघाले. नमुन्याला दोन मागवल्यात, एक पांढरी, एक काळी. पांढरी हलकी, जरा मऊ, दाबली तर वाकते. काळी जड आणि कडक. ह्यातली एक ठरवायची आणि पाहुण्यांसाठी खोकंभर मागवायची.

मी म्हटलं, "काळी घे. वजनाला आहे. ही पांढरी म्हणजे बारशाला वाटतात तसलं प्लास्टिक."

"नारळ घेतेयस काय, वजनावर बघायला? फेकून बघ."

"मी कशाला? तुला येतं ना फेकता."

"मला येतं म्हणूनच मी कामाचा नाही. तू टाक. तू कधी हात लावलेला नाहीस, तुला धीर नाही, सांगितलेलं ऐकत नाहीस. तुला जमली तर कोणालाही जमेल. तू म्हणशील ती मागवणार, शब्द."

आधी काळी फेकली. थोडी गेली आणि डावीकडे वळून धोंड्यासारखी पडली. पुन्हा, तसंच. डाव्या अंगाला घळ आहे, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. दोनदा त्यात उतरून आणली, हात ओरबाडले. मग पांढरी. ती पण मी धुणं आपटल्यासारखी फेकली, उभी राहिली हवेत आणि पडली.

"जोर लावू नको. सूप पाखडताना मनगट कसं सोडतेस, तसं आडवं सोड. बाकी तिचं ती बघते."

जन्मात मला पहिल्यांदाच कोणी जोर लावू नको म्हणालं.

सोडली. गेली की हो. दोरी धरून आखल्यासारखी सरळ, खाली गवताला न लागता, आणि खांबाच्या अलीकडे हलकेच बसली. कोंबडी खुराड्याशी बसते तशी.

रितेश धावत जाऊन घेऊन आला आणि परत माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, गाईला पाणी दाखवायचंय. तरी आणखी थोड्या फेकल्या.

११ एप्रिल

खांदा दुखतो. तेल लावलं. सोनूबाईला म्हटलं, पाण्याची कळशी उचलताना भरला. ती म्हणते, कळशी आता कातळावर फेकतंस काय गो. सगळं बघते म्हातारी.

१५ एप्रिल

रोज सकाळी, ऊन व्हायच्या आधी जाते. रितेश बरोबर असतो. पहिल्या खांबाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. चालताना बोलतो. घाटावर भाकरी कशी वाईट मिळायची, एका साहेबाचं कुत्रं चकती घेऊन कसं पळायचं. शाळा सुटल्यापासून एवढं बोललेला आठवत नाही. मी हूं हूं करते.

आज पांढरी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली. साखळ्या वाजतात, देवळात कोणी आत शिरल्यासारखं वाटतं.

"पडली," मी म्हटलं.

"दिसली मला."

"वारा होता मागून."

"हो आई, वारा होता."

पानसुद्धा हलत नव्हतं.

तर पांढरी ठरली. पुण्याचा चकत्या विकणारा माणूस म्हणाला, माल वीस तारखेला येईल, तेव्हा कळवा, उशीर केलात तर रविवारच्या आत पोचणार नाही. रितेश उद्या पावसला जातोय, शेवटचे खांब तिथल्या वेल्डरकडे अडलेत. बसून करून घेतल्याशिवाय तो मेला करणार नाही. वीसला परत.

जाताना म्हणाला, "दोन्ही पडवीत ठेवल्यात. सराव सोडू नको."

मला काय तेवढाच उद्योग आहे.

१७ एप्रिल

रात्री वारा सुटला आणि रायवळाखाली आंब्यांचा खच पडला. टाकायचे कसे? सकाळपासून रस काढला, साखर घालून आटवला आणि ताटांत पातळ ओतून उन्हात वाळवायची साठं घालायला घेतली. ताटं कमी पडली. माझी मोठी ताटं सोनूबाईने पूजेला नेली ती आणून द्यायचं नाव नाही. मागायला गेले तर म्हणते, "देईन गो, पळून जातायत काय."

रस तर वाट बघत नाही. पडवीत नजर गेली. पांढरी चकती उलटी ठेवली की मस्त काठाची ताटली होते. धुतली, पुसली, तुपाचा हात फिरवला आणि ओतला रस. काळीत नाही ओतला. काळ्यात वाळलं की करपलं ते दिसत नाही, आणि देवापुढे ठेवायचं साठ मी काळ्यात घालणार नाही.

कातळावर नेऊन ठेवली ताटांच्या रांगेत. दुपारी तिथे पाय ठेववत नाही एवढा तापतो, साठं वाळायला त्याच्यासारखं काही नाही. चकती हलकी, वाऱ्याने उलटायला बघते. म्हणून कडेवर चिऱ्याचा तुकडा ठेवला, तेव्हा गप्प बसली. उद्या त्यावर दुसरा थर द्यायचा.

चला, त्या खेळातली एक वस्तू घराच्या कामाला आली.

१९ एप्रिल

चकतीतलं साठ ताटांपेक्षा चांगलं निघालं. गोल, सारखं, कुठे चिकटलं नाही. काठाशी वाईच राहिलं ते राहू दिलं. चकती राखेने घासली.

उन्हं उतरल्यावर फेकायला गेले. काय झालं त्या पांढरीला कळत नाही. सोडली तशी थरथरली, ताप भरलेल्या पोरासारखी, आणि उजवीकडे कलंडून गडग्यावर गेली. परत सोडली. परत तेच. मनगट सोडलं, जोर लावला नाही, सगळं त्याने सांगितलं तसं केलं. नाही म्हणजे नाही.

उचलून नीट बघितली तर एका कडेला वाकडी. पहिल्यापासूनच असणार. नवीन वस्तू निरखून कोण बघतं? मी म्हटलंच होतं बारशाचं प्लास्टिक. चार दिवस गोड वागायचं आणि मग आपली जात दाखवायची. माणसं तशी, वस्तू तशा.

मग काळी घेतली. डोक्यात राग होता, तो सगळा हातात आला. सूं करून गेली, शेवटी जराशी डावीकडे वळली आणि खांबाशी जाऊन बसली. परत फेकली, परत गेली. ही खरी. कडक आहे, पण बदलत नाही.

पांढरी घळीत भिरकावली. तेवढी मात्र लांब गेली.

२० एप्रिल

रितेश आला, खांब टेम्पोतून आले. पाणी पिता पिता फोन हातात. "पुणेवाल्याला पांढऱ्या सांगतो."

"काळ्या सांग."

"काय?"

"पांढरी खोटी आहे. थरथरते, उजवीकडे जाते. काळी चांगली."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "आई, काळी नवख्याला जड जाते. हात जोरात नसला तर लगेच डावीकडे पडते. पहिल्या दिवशी तुझीच पडली की."

"आता पडत नाही."

"आता तुझा हात बसलाय. आणि तुझे हात म्हणजे विहिरीवरचे हात. ती ऑफिसची माणसं आहेत."

"म्हणजे मी नवखी नाही? तूच म्हणालास, तुला जमेल ती मागवीन. शब्द म्हणालास. सगळं ठरलेलंच होतं तर मला कशाला उन्हात नाचवलंस? अगदी बापावर गेलायस, विचारायचं आणि करायचं आपलंच."

बापाचं नाव काढलं की त्याला लागतं. मला माहीत आहे. म्हणून काढते.

"पांढरी कुठाय? मी एकदा टाकून बघतो."

"घळीत टाकली."

"का?"

"राग आला."

अंधारायला लागलं होतं. घळीत आता उतरून काही मिळालं नसतं, आणि तो पुण्याचा माणूस दुकान बंद करायच्या गडबडीत होता. रितेश दारापुढच्या खळ्यात इकडून तिकडे फिरला. मग फोन लावला. काळ्या सांगितल्या. बाजूला जाऊन आणखी काहीतरी हळू बोलला, ते ऐकू आलं नाही.

आत येऊन म्हणाला, "तुला जमली ना, मग झालं."

बरं वाटलं. कोणीतरी ऐकलं.

३ मे

खोकं आज आलं. उद्या पाहुणे. काळ्या चकत्या चुलीवरच्या तव्यांसारख्या दिसतात, एकावर एक. रितेशने प्रत्येक हातात घेऊन पुसली. मी कोकमाचं सरबत करून ठेवलं, देवापुढचं ते गोल साठ राजाभाऊंसाठी पुडीत बांधलं. सोनूबाईने ताटं आणून दिली, आता, काम झाल्यावर.

४ मे

लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाही तर पडून तरी काय करू.

माणसं चांगली होती, आधी ते लिहिते. हसत वर आली, टोप्या घालून. राजाभाऊ पुढे. रितेशने नवा शर्ट घातला होता. समजावून सांगितलं त्याने, मास्तरापेक्षा चांगलं. आडवं धरा, मनगट सोडा, जोर नको.

पहिला एक जाडसा साहेब. त्याने सोडली. जरा गेली आणि डावीकडे मुंडी टाकून घळीत. सगळे हसले. दुसरी बाई. घळीत. तिसरा, घळीत. चौथ्यापर्यंत हसले. मग हसणं बंद झालं.

रितेश सांगत होता, "थोडी उजवीकडे सोडा, म्हणजे वळून मध्ये येईल." कोणी उजवीकडे सोडली तर तिथेच आपटली. घळीतून चकत्या आणायला तोच उतरत होता. वर येईपर्यंत आणखी दोन खाली. नव्या शर्टाची बाही करवंदीने फाटली.

मला राहवलं नाही. मी पुढे झाले, "अशी फेका, ही बघा," आणि फेकली. गेली सरळ, खांबाशी. वाटलं आता ह्यांना कळेल. तर ती बाई मैत्रिणीला म्हणाली, "आपल्यात ताकदच नाही गं." आणि चकती खाली ठेवून सावलीत जाऊन बसली. एक बसली की सगळे बसतात. फोन काढले. सरबत मात्र संपवलं.

राजाभाऊ घड्याळ बघत होते. गडग्यावर सोनूबाई, दोन शेजारणी घेऊन.

शेवटी एक लहान मुलगी रडायला लागली, तिची एकही गेली नव्हती म्हणून. रितेशने आपल्या पिशवीतून एक चकती काढून तिला दिली. पांढरी. नवी कोरी. मी बघतच राहिले, काळ्यांच्या खोक्यातून ही पांढरी कुठून आली. मुलीने दोन्ही हातांनी वेडीवाकडी सोडली. ती चालली की नाही सरळ, गवतावरून तरंगत, आणि टोपलीच्या खांबाला जाऊन टेकली. पोरीने टाळ्या वाजवल्या, बापाने फोटो काढला. पण बाकीची चपला घालून उतरायला लागली होती. राजाभाऊंची पाठ फिरली होती.

रितेश त्या चकतीकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "एखादी बरी निघते खोक्यात."

तो म्हणाला, "हं."

६ मे

राजाभाऊ दारात. चहा नको म्हणाले, म्हणजे काय ते कळलं.

"वहिनी, पोरगा हुशार आहे. पण पाहुण्यांना खेळ पाहिजे, शिक्षा नको. मी खाली बॅडमिंटनचं नेट लावतो."

"आणखी एकदा बघा की. एका दिवसावर काय ठरवता?"

"माझ्याकडे लोक एकदाच येतात वहिनी. पहिल्यांदा फसले की दुसऱ्यांदा फोन उचलत नाहीत." मग जाताना, "तुमच्या साठांचं बोला. पाहुण्यांना आवडतील. परवा दिलंत ते गोल कशात करता?"

मी म्हटलं, विकायची नाहीत.

रितेश आत होता. बाहेर आला नाही. ह्यांना फोन त्यानेच लावला, मी नाही. एक जून म्हणाला.

११ मे

करवंदं काढायला घळीत उतरले होते. जाळीत ती पांढरी सापडली. तशीच टाकून येणार होते, पण म्हटलं दाखवावी, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते हे तरी त्याला कळेल.

रितेश खळ्यात बसून खांबांना तेल लावत होता, गंजू नयेत म्हणून. आता कोणासाठी कोण जाणे. त्याच्या पुढ्यात टाकली.

"ही बघ तुझी पांढरी. बघ कडेला कशी वाकलीय. आणि मला म्हणत होतास."

त्याने उचलली. डोळ्यांसमोर आडवी धरून बघितली. बोटाने कड चाचपली. उलटी केली. आत काठाशी साठाचा पिवळा तुकडा चिकटून होता, मुंग्या लागलेल्या. त्याने तो नखाने काढला आणि नाकाशी नेला.

"हिच्यात साठ घातलं होतंस?"

"घातलं. ताटं सोनूबाईकडे होती. का, विटाळली काय चकती? धुतली होती मी, राखेने."

"कातळावर ठेवली होती? उन्हात?"

"मग साठ काय सावलीत वाळतं?"

तो चकती मांडीवर ठेवून कातळाकडे बघत होता. मला वाटलं आता भांडेल. मी तयारच होते. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

"असू दे आई," म्हणाला. "साठ चांगलं झालं होतं."

असू दे काय? मी बरोबर होते ते कबूल करायला ह्या घरातल्या पुरुषांना कायम जड जातं.

२८ मे

सकाळच्या गाडीला बसवला. बॅग भरून दिली. साठं दिली, मेतकूट दिलं. ह्या घरातल्या पुरुषाची बॅग मला डोळे मिटून भरता येते. फाट्यावर गाडी लवकर आली. रोज कधी वेळेवर येत नाही, आज मेलीला घाई.

चढताना त्याने पिशवीतून ती पांढरी चकती काढली, त्या मुलीला दिलेली.

"ही तुझी. तेव्हाच मागवली होती, काळ्यांबरोबर एकच. बक्षीस द्यायची होती, रविवार चांगला गेला तर."

"मला काय करायचीय?"

"सकाळी ऊन व्हायच्या आधी जात जा. मनगट सोड, जोर नको लावू."

"मला काय दुसरी कामं नाहीत?"

गाडी गेली. फाट्यावरून चालत आले. सोनूबाई गडग्यावर उभी होती. आज टोमणा नाही. नुसतं म्हणाली, "चहा टाकलाय, ये." गेले नाही. टोमणा मारला असता तर गेले असते.

३१ मे

परवा कापा फणस पिकून पडला. एकटीला संपत नाही. रस्त्यावर तर टाकवत नाही. गर वाटून साखर घालून साठं घातली. ताटं सगळी घरात आहेत, पुरून उरतात. तरी एक त्या नव्या पांढरीत घातलं. तिच्यात गोल निघतं. आणि दुसरा उपयोग तरी काय तिचा, मी काय एकटी कातळावर फेकत बसू?

आभाळ भरून यायच्या आत शेवटची उन्हं मिळाली. चिरा ठेवला कडेवर. दोन दिवसांत वाळलं. साठ काढलं, चकती धुतली आणि सहज आडवी धरून बघितली, तो बघत होता तशी.

एका कडेला वाकडी. तीच कड, तसाच वाक.

दोन्ही पांढऱ्या, दोन्हीला एकच खोट. म्हणजे मी पहिल्यापासून बोलत होते ते खरं. संध्याकाळी मुद्दाम रितेशला फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज, ह्यांचा खोकला.

"जेवलास?"

"अजून नाही. उद्या सकाळी लवकर जायचंय."

"ऐक. तू दिलेली चकती पण वाकडी निघाली. अगदी पहिलीसारखी. फणसाचं साठ काढून बघते तर वाकलेली. सांगत होते की नाही, ती कंपनीच वाईट. बरं झालं काळ्या मागवल्या, नाहीतर खोकंभर असल्या आल्या असत्या."

 वाटलं फोन कट झाला.

"रितेश?"

"हो आई," तो म्हणाला. "कंपनीच वाईट."

"मग? तेव्हा ऐकत नव्हतास."

"चुकलं माझं. साठ कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

"ठेव माझ्यासाठी. गणपतीला येईन."

फोन ठेवला. शेवटी कबूल केलं त्याने. पण कबूल करताना आवाज असा होता, जसं मीच लहान आहे आणि मला झोपवतोय.

साठ गुंडाळून डब्यात ठेवलं. चकती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवून बघितली. कडेला फट राहते. आत मुंग्या जातील.